आबकारीतला आब

‘आबकारी’ हा शब्द आपल्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की त्याच्या पोटात पाणी दडले आहे याचे भान सहसा कोणाला राहत नाही. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी. आबकारी म्हणजे मूळ अर्थाने पाण्याचे काम. पुढे त्याचा अर्थ मद्य गाळण्याचा धंदा आणि अखेरीस त्या धंद्यावरचा सरकारी कर असा होत गेला. लॅटिन भाषेनेही मद्यार्काला ‘जीवनाचे पाणी’ असेच नाव दिले होते. आपल्या मराठीत ‘आब’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. आब म्हणजे मान, प्रतिष्ठा. ‘घराचा आब राखला’ असे आपण म्हणतो. पाणी आणि प्रतिष्ठा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदावेत, ही गोष्ट कोकणच्या भट्टीच्या इतिहासाला चपखल लागू पडते.

मद्याच्या गुणदोषांची चर्चा करणे हा या लेखाचा हेतू नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत आणि त्यांच्या अश्रूंपुढे कोणतेही पांडित्य थिटे पडते, याची आम्हांस जाणीव आहे. आम्हांला येथे पाहावयाचे आहे ते एवढेच, की आंबवण्याच्या आणि गाळण्याच्या जागेपर्यंत आपल्या पूर्वजांनी पाणी कसे आणले, ते कसे खेळवले आणि काम झाल्यावर ते बाहेर कसे घालवले. प्रश्न लहान वाटतो. परंतु रत्नागिरीसारख्या प्रदेशात पाण्याचा कोणताही प्रश्न अखेर शेजारधर्माचा प्रश्न होतो.

जुना रत्नागिरी जिल्हा बाणकोटच्या खाडीपासून थेट वेंगुर्ल्यापलीकडे रेडीपर्यंत पसरलेला होता. १ मे १९८१ रोजी त्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तरीही वैशाखात बायकांना हंडे घेऊन वणवण करावी लागते. या विसंगतीचे मूळ पायांखालच्या जांभ्यात आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी तो गटागटा पितो, पण धरून ठेवीत नाही. ते पाणी खाली झिरपत चिकणमातीच्या थरापर्यंत पोहोचते, तेथे अडते आणि सड्याच्या कडेला, डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून कोकणातली जुनी वस्ती सड्याच्या माथ्यावर क्वचित आणि त्याच्या उतरणीवर दाट अशी दिसते. झऱ्याच्या खाली घर, घराच्या खाली आगर आणि आगराच्या खाली खाडी, अशी ती मांडणी असे.

झऱ्याचे पाणी घरापर्यंत आणण्यासाठी आपल्या लोकांनी पाट खोदले आणि जेथे पाट नेता येत नाही तेथे पन्हळी टाकल्या. पोफळीचे वा माडाचे खोड उभे चिरून आतला गाभा काढला की पन्हळ तयार होते. बांबूच्या पेरांतले पडदे फोडले की नळी तयार होते. लोखंड नको, शिसे नको आणि पंपही नको. लागतो तो फक्त उतार. पन्हळीचा उतार फार झाला तर पाणी उसळून वाया जाते, कमी झाला तर पाला साचून तुंबते. तो नेमका किती ठेवावा हे आगरात काम करणाऱ्या माणसाला डोळ्यांनी कळत असे. उताराच्या याच तत्त्वावर पुढे शहरेही चालली. राजापूरला कोदवलीच्या इंग्रज अमदानीतल्या बंधाऱ्याचे पाणी असेच आपल्या वजनाने उतरत आले. ज्याला लोक आजही ‘सायबाचे धरण’ म्हणतात, ते हेच. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७४९-५० च्या सुमारास कात्रजहून आणलेले पाणीही उतारानेच शहरातल्या हौदांत पोहोचले. कोकणातल्या घरगुती पन्हळीचा आणि कात्रजच्या नळाचा वंश एकच आहे.

या पाण्याच्या वाटेवर भट्टी कोठे बसत असे? काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि ते गोव्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या उघड्या डोंगरांवर रुजले. गोव्यातून वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी या बाजूंस येऊन स्थिरावलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या प्रार्थना आणि आपले सण यांच्याबरोबर बोंडू आंबवण्याची रीतही आणली. त्या आधीपासून माडाची माडी काढण्याचे कसब भंडारी समाजाच्या हाती होतेच. गोव्यात बोंडू खडकात कोरलेल्या द्रोणीत तुडवले जात. त्या रसात बाहेरून कोणतेही किण्व घालण्याची गरज नसे. बोंडूच्या सालीवरचे आणि हवेतले किण्वच दोनतीन दिवसांत तो रस आंबवीत असे. आंबवणीची मडकी पुष्कळदा जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली असत. हे पुरलेले मडके म्हणजेच कोकणातले पहिले तळघर, असे म्हणावयास हरकत नाही. ऊन वर राहिले आणि रस मातीच्या गारव्यात राहिला.

आंबलेला रस भाणात, म्हणजे तांब्याच्या वा मातीच्या मोठ्या भांड्यात, उकळला जाई आणि वाफ नळीने दुसऱ्या मडक्यात उतरे. पहिल्या धारेचा तो हुर्राक. त्यात पुन्हा आंबलेला रस घालून गाळले की फेणी. फेणी हे नावही फेसावरूनच पडले. उत्तम मालाची पारख त्याच्या फेसाने होत असे. वाफ झेलणारे मडके थंड राहावे म्हणून त्यावर करवंटीच्या डवल्याने सतत गार पाणी ओतावे लागे. पुढे नागमोडी नळी पाण्याच्या टाकीत बुडवण्याची पद्धत आली, तरी पाण्याची गरज टळली नाही.

ती गरज किती होती, याचा हिशेब वाचकांनी एकदा मनाशी मांडून पाहावा. वाफेपासून एक लिटर द्रव मिळवण्यासाठी जी उष्णता काढून घ्यावी लागते, तेवढ्या उष्णतेने सुमारे पंचवीस लिटर गार पाणी वीस अंशांनी तापते. म्हणजे एका भाणातून पंधरा लिटर माल उतरावयाचा असेल तर पावणेचारशे लिटर पाणी मडक्यावरून वा टाकीतून जावयास हवे. पंधरा लिटरांची एक घागर धरली तर या झाल्या पंचवीस घागरी. इतके पाणी डोक्यावरून वाहणे परवडणारे नसते. म्हणून पाणी भट्टीकडे नेण्यापेक्षा भट्टीच ओहोळाकडे नेण्याचा शहाणपणा जुन्या माणसांनी केला. भट्टी ओहोळाच्या काठी, पण पाणवठ्याच्या खालच्या अंगाला. वरचे पाणी पिण्याचे, मधले धुण्याभांड्याचे, खालचे भट्टीचे. हा क्रम कोठे लिहिलेला नव्हता; तरी तो मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवणे अवघड होई. घराचा आब तो हाच.

याच ठिकाणी या धंद्याची खरी अडचणही दिसते. बोंडू पिकतात ते माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. झरे आटतात तेही याच दिवसांत. म्हणजे भट्टीला पाणी हवे तेव्हाच माणसालाही पाणी हवे. एकाच ओहोळावर एका बाजूला शेजारणीची कळशी आणि दुसऱ्या बाजूला भाण, असा हा सामना होता. थंडावा दिलेले पाणी फेकून न देता ते खाचरात वा आगरात सोडणे, टाकीतले कोमट पाणी रात्रभर निवू देऊन सकाळी पुन्हा वापरणे, भाण पहाटे गारव्यात लावणे, या साऱ्या युक्त्यांचा उपयोग या सामन्यातून वाट काढण्यासाठी होता.

हा झगडा केवळ आपला नाही. लंडनमध्ये १२३७ च्या सुमारास शिशाच्या नळांनी शहरात पाणी आणण्याचे काम सुरू झाले. चीपसाइडच्या सार्वजनिक हौदावर पुढे इतकी गर्दी झाली की १३४५ मध्ये बीअर बनवणाऱ्यांना त्या पाण्याचा वापर करण्यास नगराधिकाऱ्यांनी मनाई केली. सामान्य घरांच्या पिण्याचे पाणी कारागीर उचलून नेतात, ही तक्रार तेव्हाही तीच होती.

मठांनी मात्र या प्रश्नाचा विचार आधीच केलेला दिसतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या सहासष्टाव्या प्रकरणात मठाची बांधणी अशी असावी असे सुचवले आहे की पाणी, गिरणी, बाग आणि हस्तोद्योग हे सर्व आवाराच्या आतच मिळावे. या यादीत पाण्याचा क्रम पहिला आहे. त्याच नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात द्राक्षारसाच्या दैनिक मापाचा विचार आहे. अतिरेक नको, हा त्याचा रोख आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातला सेंट गॉलच्या मठाचा प्रसिद्ध आराखडा पाहिला तर व्रतस्थांसाठी, पाहुण्यांसाठी आणि यात्रेकरू व गरिबांसाठी बीअर बनवण्याच्या स्वतंत्र खोल्या त्यात दाखवलेल्या आढळतात.

याहून बोलका पुरावा कँटरबरीचा आहे. तेथील ख्राइस्ट चर्च मठाचा प्रमुख वायबर्ट, ज्याचे निधन ११६७ मध्ये झाले, याने शहराबाहेरच्या झऱ्यांचे पाणी नळांनी मठात आणले. त्या सबंध योजनेचा रंगीत नकाशा एका स्तोत्रसंहितेच्या हस्तलिखितात जपला गेला असून ते हस्तलिखित आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. वाटेत गाळ बसवणाऱ्या पाच टाक्या, मग हात धुण्याची कुंडे, स्वयंपाकघर, भटारखाना आणि बीअरची खोली हे सारे त्यात रेखाटलेले आहे. वापरून झालेले पाणी वाया न दवडता शेवटी शौचकूप धुण्यासाठी नेले होते. सर्वांत स्वच्छ पाणी सर्वांत आधी, मळकट काम सर्वांत शेवटी. कोकणातल्या ओहोळाचा अलिखित क्रम आणि कँटरबरीच्या मठाचा रेखाटलेला क्रम एकमेकांना कधी भेटले नव्हते. तरी ते सारखेच निघावेत, यात पाण्याचाच न्याय दिसतो.

पाणी आणि किण्व यांचा संबंध आरोग्याशीही आहे, हे एकोणिसाव्या शतकाने दाखवून दिले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने थैमान घातले. डॉ. जॉन स्नो यांनी त्या साथीचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत नेला. त्याच रस्त्यावरच्या बीअरच्या कारखान्यातले सत्तरएक कामगार मात्र जवळजवळ सुखरूप राहिले. त्यांना पिण्यास बीअर मिळत असे आणि कारखान्याची स्वतःची खोल विहीर होती. बीअर करताना पाणी उकळले जाते, यातच त्या सुरक्षिततेचे मर्म होते. पुढे १८७६ मध्ये लुई पाश्चर यांनी बीअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आंबवणे बिघडते ते सूक्ष्म जीवांमुळे, हे सप्रमाण मांडले. तेव्हापासून आंबवणीच्या खोलीतले पाणी दुहेरी जबाबदारीचे झाले: ते रसात जाते आणि भांडीही त्यानेच धुतली जातात.

हिंदुस्थानात इंग्रजांनी बीअरचे कारखाने काढले ते किनाऱ्यावर नव्हे. एडवर्ड डायर यांनी १८५० च्या दशकात कसौलीची थंड टेकडी निवडली. तेथेही झऱ्याचे पाणी पुरेसे न मिळाल्याने बीअरचे काम पुढे सोलनला हलवण्यात आले. गारवा आणि गोड पाणी या दोहोंखेरीज ते काम होत नाही, हे त्यामागचे कारण. रत्नागिरीला गारवा नाही, म्हणून रत्नागिरीत ती परंपरा रुजली नाही. रुजली ती उष्णतेत दोन दिवसांत आंबणाऱ्या बोंडूची आणि माडीची.

मग या परंपरेचे झाले काय? १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने प्रत्येक माडावर कर बसवला आणि विखुरलेल्या लहान भट्ट्यांऐवजी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे उत्पादन वळवण्याचे धोरण पक्के झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मिस्साबलिदानासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची सोय कायद्याने ठेवली. घरच्या भाणाची ठेवली नाही. (येथे हेही नमूद केले पाहिजे की वेदीवरचा द्राक्षारस धर्मसभेच्या नियमानुसार द्राक्षांचाच असावा लागतो आणि त्यात किंचित पाणी मिसळले जाते. बोंडूचा वा आल्याचा घरगुती रस, नाताळच्या ताटाशी तो कितीही शोभला, तरी वेदीवर चालत नाही.) आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणे हा आजही गुन्हा आहे. गोव्यात मात्र परवानाधारक भट्ट्या चालू राहिल्या आणि २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. तेरेखोलच्या एका काठावर जो वारसा, तोच दुसऱ्या काठावर अपराध.

बंदीने लोकांचे पिणे थांबले असते तर आम्ही तिचे मनापासून स्वागत केले असते. घडले ते वेगळेच. उघड्यावरची भट्टी रात्रीच्या अंधारात, खाजणात आणि रानात शिरली. तेथे ना पाणवठ्याचा क्रम राहिला, ना भांड्यांची स्वच्छता, ना शेजाऱ्याची भीड. आब गेला आणि हातभट्टी उरली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालाड-मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्या दारूत मिथेनॉल होते. जे काम चार लोकांच्या डोळ्यांदेखत होते त्यावर लोकांचा धाक असतो. जे लपून होते त्यावर कोणाचाच नसतो.

आता प्रश्न पुढचा. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि १९५७ पासून काम करणारे वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र यांच्या प्रयत्नांनी काजूच्या नव्या जाती बागांतून आल्या. बी विकली जाते. तिच्याहून कितीतरी पट वजनाचा बोंडू मात्र बहुतांशी झाडाखाली कुजतो. त्याचा रस, सरबत, शिर्का किंवा रीतसर परवान्याने मद्य करू पाहणाऱ्या तरुणांनी घराच्या तळघरात आंबवणीची खोली काढण्याचे मनात आणले, तर या इतिहासाने त्यांना चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट अशी की तळघराची युरोपीय कल्पना जशीच्या तशी उचलू नये. जमिनीत काही हात खाली गेले की तेथील तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतके राहते. मध्य युरोपात ती सरासरी दहा अंशांच्या आसपास, म्हणून तेथील तळघर थंड. रत्नागिरीची सरासरी सत्तावीस अंशांच्या आसपास. येथे तळघर स्थैर्य देईल, थंडी देणार नाही. आपले पुरलेले मडके हेच जाणून होते.

दुसरी गोष्ट, तळघरात पाणी आणणे सोपे आणि बाहेर काढणे कठीण. छपरावरच्या टाकीतून पाणी आपल्या वजनाने खाली येते. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब मिळतो. परंतु धुतलेले पाणी आपण होऊन वर चढत नाही. त्यातच पावसाळ्यात जांभ्याच्या भिंतींतून पाझर सुटतो. म्हणून नळ टाकण्याआधी निचऱ्याची वाट ठरवावी. घर उतारावर असेल तर खालच्या अंगाला मोरी उघडी काढावी. सपाटीवर असेल तर फरशीला शंभरात एकदोनचा उतार देऊन पाणी एका खड्ड्यात जमवावे आणि पंपाने उपसावे. कँटरबरीचा नकाशा पाण्याच्या येण्याइतकाच जाण्याचाही होता.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची आहे. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी गेले की नळात पोकळी निर्माण होते आणि पिंपात बुडालेल्या रबरी नळीतून आतले द्रव उलटे ओढले जाते. ते आपल्याच पिण्याच्या पाण्यात, क्वचित साऱ्या आळीच्या पाण्यात मिसळते. म्हणून नळाचे तोंड पिंपाच्या काठाहून वर राहावे, मध्ये हवेचे अंतर असावे आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी वेगळी असावी. वरचा पाणवठा आणि खालची भट्टी हा जुना क्रम नळांच्या भाषेत असाच लिहावा लागतो. थंडाव्याचे पाणी टाकीतून फिरवून पुन्हा वापरावे आणि शेवटी बागेला द्यावे. वैशाखात पंचवीस घागरी मोरीत सोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

चौथी गोष्ट जिवाची आहे. एक किलो साखर आंबताना सुमारे अडीचशे लिटर कर्बद्विप्राणिल वायू बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि बंद तळघरात पाण्यासारखाच खाली साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे होती ती अशाच वायूच्या भीतीने. कंदिलावर विसंबून चालणार नाही. फरशीलगत हवा बाहेर काढणारा झरोका आणि पंखा असल्याखेरीज अशी खोली बांधूच नये, आणि तीत एकट्याने उतरू नये.

काना गावच्या लग्नात दगडाचे सहा रांजण होते आणि ते शुद्धीकरणाच्या पाण्यासाठी ठेवलेले होते, असे संत योहान सांगतो. चमत्कार घडण्यापूर्वी सेवकांना एक साधे काम करावे लागले: ते रांजण काठोकाठ भरणे. प्रत्येक रांजणात ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावत असावे. कोणीतरी ते विहिरीवरून वाहून आणले असेल. त्यांची नावे शुभवर्तमानात नाहीत. आपल्या ओहोळावरून घागरी वाहणाऱ्या, पन्हळीचा उतार डोळ्यांनी ठरवणाऱ्या, खालच्या अंगाला भाण लावून वरचे पाणी शेजारणीसाठी निर्मळ राखणाऱ्या माणसांचीही नावे कोठे नाहीत. त्यांचा धंदा आज राहिला नाही, आणि सर्वांनी तो पुन्हा धरावा असेही आमचे म्हणणे नाही. परंतु वरच्या पाण्याचा मान राखून खालचे काम करावे, हा त्यांचा नियम मात्र टिकला पाहिजे. आबकारीतला आब तेवढ्यानेच राहतो.